कुंपणानंच शेत खाल्लं : मुझफ्फरपूर बालिकागृहाचा धडा

बिहारमधल्या मुझफ्फरपूरचं बालिकागृह सरकारी पैशावर चालायचं. देखरेखीला बाल संरक्षण अधिकारी होते, बालकल्याण समिती होती. कागदावर सगळं जागच्या जागी. तरी आत पोरींवर अत्याचार होत राहिले.

ते उघडकीला आणलं मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'कोशिश' पथकानं. हे पथक नुसतं रजिस्टर बघून परत फिरलं नाही, तर पोरींशी बोललं. एप्रिल २०१८ मध्ये अहवाल सरकारच्या हाती गेला. गुन्हा दाखल व्हायला मात्र ३१ मे उजाडला. महिनाभर कागद हललाच नाही.

जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयानं १९ जणांना दोषी ठरवलं. संस्थाचालक ब्रजेश ठाकूरला मरेपर्यंत जन्मठेप झाली. दोषींमध्ये बालकल्याण समितीचा माजी अध्यक्ष होता, बाल संरक्षण अधिकारीही होता. राखणदारच चोराला सामील, मग पोरींनी सांगायचं कुणाला?

आपल्याकडंही बालगृहं, वसतिगृहं, आश्रमशाळा आहेत. तपासणी किती वेळा झाली याला फार अर्थ नाही. कर्मचारी समोर नसताना पोरांशी कोण बोललं, हे ग्रामसभेत विचारलं पाहिजे. पोक्सो कायद्यात माहीत असून न कळवणं हाही गुन्हाच आहे. कळवायला १०९८ हा नंबर आहे, फोन फुकट लागतो.

आणि सुट्टीला घरी आलेलं लेकरू परत जायला नको म्हणत असेल, तर रागावू नका. आधी जवळ बसवून कारण विचारा.