होडीतली बॅटरी आणि वहीतला ओहमचा नियम

सोलापुराहून पुण्याच्या वाटेने निघाले की मोहोळच्या अलीकडे चिंचोळीची औद्योगिक वसाहत लागते. माझा एक जुना विद्यार्थी तेथील एका कारखान्याच्या विद्युत विभागात काम करतो. सुटीच्या दिवशी गळ घेऊन उजनीच्या जलाशयावर जायचे, हा त्याचा छंद. दोन वर्षांपूर्वी त्याने आणि त्याच्या चुलतभावाने मिळून एक जुनी होडी घेतली. मग होडीला विजेची मोटर आली, दिवा आला आणि पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणारे यंत्रही आले. या सर्वांना वीज पुरवायला एका मालमोटारीतून काढलेली जुनी बॅटरी आली.

एके दिवशी सायंकाळी दोघे काठापासून बरेच आत असताना वारा सुटला. परत फिरावे म्हणून मोटर जोरात सोडली, तर ती घरघरून मंदावली. दिवा पिवळा पडला. पडदा आधीच काळा झाला होता. होडीत वल्हे नव्हते. बसायची फळी उचकटून तिने पाणी मारीत दोघे अंधारात काठाला लागले, तेव्हा दोन तास उलटून गेले होते. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, बॅटरी फसवी निघाली."

मी त्याला विचारले, "अरे, मोटर किती वॅटची? तार किती जाडीची? बॅटरीतून किती अँपिअर-तास निघणार होते?" त्याला यातले एकही उत्तर देता आले नाही. आणि याच मुलाने माझ्या वर्गात ओहमच्या नियमावरचा प्रश्न पूर्ण गुण मिळवून सोडवला होता! त्या दिवशी मला वाटले की यात दोष जितका त्याचा, तितकाच माझाही आहे. विद्यार्थी मित्रहो, आणि शिक्षक बंधुभगिनींनो, हा लेख त्या रुखरुखीतून लिहिला आहे.

प्रथम आपण ते गणित करू. तो मुलगा होडीत बसण्यापूर्वी दहा मिनिटांत हे करू शकला असता. मोटरीवर ३६० वॅट आणि १२ व्होल्ट असे लिहिलेले होते. वॅटला व्होल्टने भागले की प्रवाह मिळतो : ३० अँपिअर. बॅटरीवर १०० अँपिअर-तास असे छापलेले होते. म्हणजे ३० अँपिअरने तीन तासांहून अधिक मोटर चालायला हवी, असे कोणीही म्हणेल. मग ती तासाभरातच का थकली?

याला तीन कारणे आहेत, आणि तिन्ही पाठ्यपुस्तकाच्या आवाक्यातली आहेत.

पहिले कारण बॅटरीच्या जातीचे. शिसे-आम्ल घट फ्रान्सच्या गास्तों प्लांते याने १८५९ मध्ये तयार केला. त्याच्या एका पट्टीवर शिसे असते, दुसरीवर शिशाचे डायऑक्साइड, आणि मध्ये विरल सल्फ्युरिक आम्ल. घट वापरला जातो तेव्हा दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते आणि आम्ल पातळ होत जाते. एका घटाचे विभवांतर सुमारे २.१ व्होल्ट; असे सहा घट एकापुढे एक जोडले की आपली '१२ व्होल्टची' बॅटरी होते. ती पूर्ण भरलेली असताना खरे तर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. तत्त्व एकच, पण पट्ट्या दोन तऱ्हांच्या असतात. गाडी सुरू करण्याच्या बॅटरीला काही सेकंद शेकडो अँपिअर द्यायचे असतात; म्हणून तिच्यात पातळ, सच्छिद्र पट्ट्या पुष्कळ असतात. ही पळण्याच्या शर्यतीतली खेळाडू आहे. तिला दिवसभर ओझे वाहायला लावले, म्हणजे वारंवार तळापर्यंत रिकामी केली, तर पट्ट्यांवरचे द्रव्य झडते आणि सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात. होडीला लागते ती ओझेकरी जात : जाड पट्ट्यांची, खोलवर रिकामी होणे सोसणारी. तिच्यातलीही निम्मीच वीज हिशेबात धरावी, म्हणजे ती अधिक काळ टिकते. भारनियमनाच्या दिवसांत आपल्या घराघरांत इन्व्हर्टरसाठी आलेली ट्युब्युलर बॅटरी याच जातीची. पण ती उंच आणि जड असते, आणि डोलत्या होडीत तिचे आम्ल सांडू शकते; म्हणून होडीसाठी बंद बनावटीची बॅटरी बरी.

माझ्या विद्यार्थ्याची बॅटरी तर मालमोटारीतून 'निवृत्त' झालेली. तिची मूळची १०० अँपिअर-तासांची ताकद ६० वर आली असेल असे समजा. त्यातली निम्मी म्हणजे ३०. भागिले ३० अँपिअर. उत्तर, एक तास!

दुसरे कारण असे की बॅटरीवर छापलेला आकडा सावकाश वापरासाठी असतो, बहुधा २० तासांच्या. घाईने प्रवाह ओढला तर तेवढी वीज मिळत नाही, कारण पट्टीच्या छिद्रांत नवे आम्ल वेळेवर पोचत नाही. जर्मनीच्या पॉयकर्ट याने १८९७ मध्ये हा संबंध सूत्रात मांडला. म्हणजे आपला तोही तास पुरता तास नव्हता.

तिसरे कारण तारेचे. त्याने घरातल्या बटणांसाठी वापरतात ती १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार लावली होती. बॅटरी ते मोटर अंतर ३ मीटर; पण प्रवाह जातो आणि परत येतो, म्हणून तार धरायची ६ मीटर. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या एका मीटरचा रोध साधारण ०.०१७ ओहम. म्हणजे या तारेचा रोध ०.०६८ ओहम. हा आकडा पाहून हसू येते. इतकुसा रोध काय करणार? पण त्याला ३० ने गुणा : २ व्होल्ट! बारापैकी दोन व्होल्ट तारेनेच खाल्ले, आणि सुमारे ६० वॅट उष्णता होडीच्या लाकडाशेजारी सांडली. तीच तार १० चौरस मिलिमीटरची असती तर तूट ०.३ व्होल्टवर आली असती. घरी २३० व्होल्टला दोन व्होल्टची तूट कोणाच्या ध्यानातही येत नाही; बारा व्होल्टला ती सहावा हिस्सा असते. विभवांतर कमी तर तीच शक्ती द्यायला प्रवाह जास्त, आणि प्रवाह जास्त तर तार जाड, हे वाक्य प्रत्येक मुलाच्या वहीत असावे.

आणि तो मासे दाखवणारा पडदा आधीच का मिटला? कारण तो त्याच बॅटरीवर होता. मोटरीने प्रवाह ओढला की विभवांतर खाली जाते, आणि नाजूक इलेक्ट्रॉनिक यंत्र ठराविक व्होल्टच्या खाली स्वतःला बंद करून घेते. म्हणून मोटरीला एक बॅटरी आणि दिवा व उपकरणांना दुसरी लहान बॅटरी, ही रीत शहाणपणाची. दुसरीचा हिशेब सोपा आहे : पडदा १ अँपिअर, दिवा अर्धा अँपिअर, आठ तास, झाले १२ अँपिअर-तास. निम्मीच वीज वापरायची म्हणून २४ ची बॅटरी घ्यावी.

त्या यंत्राविरुद्ध माझी तक्रार नाही. उलट त्यातले भौतिकशास्त्र फार सुंदर आहे. यंत्र पाण्यात ध्वनीचा ठोका सोडते. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक. तळ १५ मीटरवर असेल तर प्रतिध्वनी ०.०२ सेकंदात परततो. पुष्कळ माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, आणि पाण्यातून हवेत शिरताना ध्वनी जोराने परावर्तित होतो. त्यामुळे मासा पडद्यावर उमटतो. जपानच्या फुरुनो बंधूंनी असे यंत्र १९४८ मध्ये मासेमारांच्या हाती दिले. उजनीच्या पोटात तर बुडालेल्या गावांच्या खुणा आहेत. पाणी उतरले की पळसदेवचे जुने देऊळ वर दिसू लागते. अशा पाण्यात खोली सांगणारे यंत्र होडीचा तळ वाचवू शकते.

माझा आक्षेप आहे तो क्रमाला. आपण पडदा आधी घेतो आणि वल्हे विसरतो. मे २०२४ मध्ये याच जलाशयात कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा जणांचा जीव गेला. तिथे कोणतीही बॅटरी कामाला आली नसती. म्हणून माझ्या मते होडीची यादी अशी असावी : प्रत्येकासाठी तरंगते जाकीट, एक जोडी वल्ही, स्वतंत्र घटांवरची विजेरी, आणि हे सारे असेल तरच बॅटरी, बॅटरीच्या धन टोकाशी अगदी लागून योग्य अँपिअरची वितळतार, म्हणजे फ्यूज, आणि सर्वांत शेवटी तो पडदा.

फ्यूजची गोष्ट थोडी अधिक सांगतो, कारण "बारा व्होल्टने शॉक लागत नाही, मग फ्यूज कशाला?" असे मला अनेकांनी विचारले आहे. बारा व्होल्टने सहसा शॉक लागत नाही, हे खरे; पण आग लागते. चांगल्या बॅटरीचा अंतर्गत रोध ०.०१ ओहमच्या आसपास असू शकतो. तिची दोन टोके पान्याने जुळली तर १२ भागिले ०.०१, म्हणजे १२०० अँपिअर! पाना लाल होतो. शिवाय चार्ज होताना या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी ठिणगीने पेटतो. म्हणून चार्जिंग मोकळ्या हवेत करावे, आणि बॅटरी हवा खेळेल अशा पेटीत घट्ट बांधावी.

आता कोणी म्हणेल, "सर, तो जुना जमाना झाला, लिथियमची घ्या." लिथियम लोह फॉस्फेटची बॅटरी खरोखर चांगली आहे. वजन बरेच कमी, आणि साठवलेली वीज जवळजवळ सगळी वापरता येते. पण तिला तिचाच चार्जर आणि रक्षक परिपथ हवा. तिचे विभवांतर अखेरपर्यंत जवळपास स्थिर राहते आणि मग एकाएकी कोसळते. नुसत्या व्होल्टमापकाने ती किती उरली ते नीट कळत नाही. म्हणजे यंत्र बदलले, गणिताची गरज गेली नाही, उलट वाढली.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा असतो : "अभ्यासक्रम पुरा करता करता नाकी नऊ येतात, यात बॅटरी कोठे बसवायची?" हा त्रास मी रोज भोगतो, त्यामुळे तो खोटा म्हणणार नाही. परंतु एक प्रात्यक्षिक पुरे आहे. गाडीची बॅटरी शाळेत मुळीच आणू नये. विजेरीत असते ती ६ व्होल्ट, ४.५ अँपिअर-तासांची लहान बंद बॅटरी आणावी. तिला २ अँपिअरचा फ्यूज आणि ६ व्होल्ट, ३ वॅटचा दिवा जोडावा. दर अर्ध्या तासाला मुलांनी व्होल्ट मोजून आलेख काढावा आणि ६ व्होल्टच्या खाली जाऊ लागताच दिवा बंद करावा. प्रयोगापूर्वी "किती तास चालेल?" याचे उत्तर प्रत्येकाने वहीत लिहून ठेवावे. मग दिवा १० मीटर दूर नेऊन घंटीच्या बारीक तारेने जोडावा, आणि बॅटरीपाशी व दिव्यापाशी किती व्होल्ट आहेत ते पाहावे. दोन आकड्यांतला तो फरक मुले जन्मभर विसरणार नाहीत. आम्हीही दोनशे ओहमचे रोध आणि दोन व्होल्टचे घट फळ्यावर जोडत बसतो; खऱ्या जगात रोध शतांश ओहमचा आणि प्रवाह तीस अँपिअरचा असू शकतो, हे सांगायचे राहून जाते.

शेवटी एक गोष्ट. जुनी बॅटरी उकिरड्यावर किंवा धरणाच्या काठी टाकू नका. शिसे विषारी आहे, आणि लहान मुलांच्या मेंदूला ते सर्वाधिक घातक ठरते. विक्रेत्याने जुनी बॅटरी परत घ्यावी, ही तरतूद २००१ च्या नियमांपासून आहे. २०२२ च्या नियमांनी ती जबाबदारी उत्पादकांवर अधिक स्पष्टपणे टाकली आहे. नवी घेताना जुनी परत द्या. ज्या पाण्यातली चिलापी आपण खातो, त्याच पाण्यात शिसे सोडणे यापरता अडाणीपणा नाही.

माझ्या त्या विद्यार्थ्याने पुढे काय केले? त्याने वहीचे एक पान घेतले, प्रत्येक उपकरणाचे अँपिअर आणि तास लिहिले, बेरीज केली, दुप्पट केली, आणि मग दुकानात गेला. ते पान आता त्याच्या होडीतल्या पेटीच्या झाकणावर आतून चिकटवलेले आहे. शेजारीच दोन वल्ही बांधलेली आहेत. मध्यंतरी भेटला तेव्हा म्हणाला, "सर, बॅटरी अजून फसली नाही." मी म्हटले, "ती कधीच फसवत नव्हती. आपण तिला प्रश्न विचारायचा विसरलो होतो."