कडधान्यांस स्फुरद : कोठें व केव्हां?

“कडधान्य आपलें खत आपणच करितें, त्यास विकतचें खत कशास?” हा समज आपल्या धाराशिव जिल्ह्यांत फार रूढ आहे. तो अर्धा खरा आहे. परंतु उरलेल्या अर्ध्यामुळें आपलें दर सालीं नुकसान होत आहे, असें आमचें मत आहे.

तूर, हरभरा, उडीद, मूग व सोयाबीन यांच्या मुळांवरील गांठींत राहणारे जीवाणू हवेंतील नत्र पिकास मिळवून देतात, हें खरें. पण स्फुरद हवेंत नाहीं. तें जमिनींतूनच मिळालें पाहिजे. शिवाय नत्र बांधण्याच्या कामीं पुष्कळ शक्ति खर्च होते, आणि ती शक्ति स्फुरदावांचून पिकास वापरतां येत नाहीं. स्फुरद कमी पडलें कीं मुळें आंखूड राहतात, गांठी थोड्या व बारीक येतात, फुलोरा लांबतो व शेंगा कमी धरतात. म्हणजे फुकटचें नत्रही हातचें जातें. लातूरच्या बाजारीं जाणाऱ्या प्रत्येक पोत्याबरोबर आपल्या रानांतील स्फुरद बाहेर जात असतें. त्या खात्यावर जमा कांहींच न करितां नुसता खर्च टाकीत गेलों, तर शिल्लक किती दिवस पुरणार?

आपली काळी जमीन पुष्कळ ठिकाणीं चुनखडीयुक्त आहे. घातलेलें स्फुरद चुन्याशीं बांधलें जातें, आणि पहिल्या पिकास त्याचा सुमारें पंचमांश किंवा त्याहूनही कमी भाग मिळतो. युरियाप्रमाणें तें पाण्याबरोबर खालीं उतरत नाहीं. जेथें पडलें तेथेंच राहतें. म्हणून उगवणीनंतर तें वरून फेंकणें म्हणजे बहुतांशीं पैसे फेंकणें होय. हरभऱ्याचें तर विशेषच. तो सरत्या ओलीवर वाढतो; वरचा थर लवकर सुकतो, आणि कोरड्या मातींतील खत मुळांस लाभत नाहीं. सबब दोन चाड्यांच्या पाभरीनें, अगर ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रानें, पेरणीच्या वेळींच खत बियाच्या खालीं व किंचित् बाजूस, दोन-तीन बोटांच्या अंतरावर पडेल अशी तजवीज करावी.

तूर व हरभरा यांस हेक्टरीं २५ किलो नत्र व ५० किलो स्फुरद अशी शिफारस आहे. म्हणजे एकरीं १० व २० किलो. एवढें स्फुरद सुमारें ४४ किलो डीएपींतून मिळतें, व त्याबरोबर ८ किलो नत्रही येतें. अथवा १२५ किलो सिंगल सुपर फॉस्फेट व २२ किलो युरिया मिळून पूर्ण मात्रा होते. २०२४ च्या रब्बींत देशांत डीएपीची टंचाई पडली. अशा वेळीं त्या एका पोत्याची वाट पाहत जमिनीची ओल घालविणें परवडत नाहीं. सुपर फॉस्फेटास हलकें खत म्हणून नाक मुरडूं नये. १८४२ सालीं इंग्लंडांत लॉज यांनीं त्याचें पेटंट घेतलें, तेव्हांपासून त्याचा अनुभव जगभर घेतला गेला आहे. त्यांत स्फुरद १६ टक्के असून शिवाय ११ टक्के गंधक असतें. म्हणजे एकरीं सुमारें पावणेचौदा किलो गंधक त्याच पैशांत पदरांत पडतें. डाळींतील प्रथिनांस व सोयाबीनच्या तेलास तें उपयोगीच आहे.

तरी डोळे झांकून खत ओतावें, असें आम्ही म्हणत नाहीं. माती-परीक्षणांत स्फुरद भरपूर निघालें, तर मात्रा कमी करावी. बियाण्यास रायझोबियम व स्फुरद विरघळविणारे जीवाणू चोळावे. रायझोबियम त्या त्या पिकाचेंच घ्यावें. चाळीस-पंचेचाळीस दिवसांनीं एखादें झाड मातीसकट हलकेंच खणून गांठ चिरून पाहावी. आंतून लालसर दिसली, तर तिचें काम चालू आहे असें समजावें.

ज्यांस आमचें म्हणणें पटत नसेल, त्यांनीं यंदा शेतांत एक पट्टा स्फुरदावांचून ठेवावा, आणि त्याचें धान्य शेजारच्या तेवढ्याच पट्ट्याशीं तोलून पाहावें. निवाडा तराजू करील. आपल्या संघासही आमची विनंति अशी कीं, मृगापूर्वीं व पुन्हा हरभऱ्याच्या पेरणीपूर्वीं सुपर फॉस्फेट गांवोगांव पोंचेल अशी व्यवस्था करावी. खत वेळेवर न आलें, तर आमचा उपदेश कागदावरच राहील.