टक्केवारीत न मावणारी मुले

दहावीचा निकाल लागला की जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात पुढचा कार्यक्रम ठरलेला असतो. कमी निकालाच्या शाळांची यादी निघते, मुख्याध्यापकांना कारणे दाखवा नोटीस जाते आणि ‘यापुढे जादा तास घेऊ’ असा खुलासा फाइलला लागतो. बीड जिल्ह्यातल्या प्रशालेला, म्हणजे जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शाळेला, अशी नोटीस धाडणाऱ्याने आधी तिची हजेरीपत्रके, विशेषतः नोव्हेंबर ते मार्चची, मागवून पाहावीत.

मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदांकडे माध्यमिक शाळा आल्या त्या हैदराबाद संस्थानाच्या वारशाने. पश्चिम महाराष्ट्रात हे काम मुख्यतः खासगी संस्थांनी केले. प्रशाला ही पूर्वी साऱ्या गावाची शाळा होती. आता ज्याला परवडते त्याचे मूल व्हॅनने तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जाते, आणि त्या व्हॅनमध्ये प्रशालेच्या गुरुजींचीही मुले असतात. मागे उरतात ऊसतोड मजुरांची आणि भूमिहीनांची मुले. शिवाय भावाच्या फीपुढे जिच्या शिक्षणाला पैसा उरला नाही, अशी मुलगीही इथेच येते.

दिवाळीच्या आगेमागे मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात निघतात. पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, मार्च-एप्रिलच्या सुमारास. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा फडात मोळ्या बांधायला, वाहायला उपयोगी पडतो, म्हणून तो सोबत जातो. मुलगी आजीजवळ राहिली तर सहा महिने घोर लागतो. त्यापेक्षा लग्न उरकलेले बरे, असा हिशेब होतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यामुळे लग्न झाले की उचलही वाढते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत अठराच्या आत लग्न झालेल्या तरुणींचे राज्याचे प्रमाण २१.९ टक्के होते. बीडमध्ये ते जवळजवळ दुप्पट. नववीतून गळालेल्या या मुली दहावीच्या निकालपत्रात नापास म्हणूनही दिसत नाहीत.

टक्केवारी काढली जाते ती परीक्षेला बसलेल्यांवर. हे गणित काही शाळांना नेमके कळले आहे. कच्च्या मुलाच्या पालकाला नववीतच बोलावून ‘सतरा नंबरचा फॉर्म भरा’, म्हणजे बाहेरून परीक्षा द्या, असे सुचवायचे आणि निकाल लागला की चौकात शंभर टक्के निकालाचा फलक लावायचा. प्रशालेला ही सोय नाही; दारात येईल त्याला ती घेते. आकड्याचा भरवसा तरी किती धरावा? भाषा विषयांचे अंतर्गत गुण बंद होताच राज्याचा निकाल २०१८ मधील ८९.४१ वरून २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला. ते परत मिळताच २०२० मध्ये ९५.३० वर गेला. वर्षभरात महाराष्ट्रातली मुले अठरा टक्क्यांनी हुशार झाली, असे मंडळही म्हणणार नाही.

प्रशालांच्या अपयशाचे सारे खापर परिस्थितीवर फोडता येत नाही. कॉपीला आसरा देणारी केंद्रे आहेत, मुख्यालयी न राहणारे शिक्षक आहेत आणि गणित-विज्ञानाच्या पदांची भरती रखडवणारे सरकारही आहे. त्यांना जाब विचारायलाच हवा. पण तो विचारायचा तर मोजमाप नीट हवे. विद्यार्थ्याचा सामाजिक प्रवर्ग, लिंग, माध्यम ही माहिती यू-डायस या शालेय माहिती प्रणालीत शाळा दरवर्षी भरतात. निकाल मंडळाकडे असतो. दोन्ही एकत्र करून प्रत्येक शाळेचे एक पान प्रसिद्ध करावे: आठवीच्या पटावर किती होते, त्यातले किती दहावीला बसले, किती उत्तीर्ण झाले, आणि त्यांत मुली किती, स्थलांतरितांची मुले किती. अमेरिकेत २००२ च्या कायद्याने शाळांना वंश आणि गरिबीनिहाय निकाल जाहीर करणे भाग पाडले. त्या कायद्यावर टीका पुष्कळ झाली, पण सरासरीआड लपलेली मुले त्यामुळे कागदावर आली.

दुसरी गोष्ट वसतिगृहांची. हंगामी वसतिगृहे शिक्षण हक्क कायद्याच्या चौकटीतली, म्हणजे चौदा वर्षांपर्यंतची. नेमके दहावीचे मूल त्यातून सुटते. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे उभारण्याचा निर्णय २०२१ मध्ये झाला. यातली किती स्वतःच्या इमारतीत आहेत, किती भाड्याच्या जागेत आणि मुलींच्या किती खाटा भरल्या, हे सरकारने पुढचा गळीत हंगाम सुरू होण्याआधी तालुकावार जाहीर करावे. मुख्याध्यापकांच्या नोटिसा तोवर थांबल्या तरी चालतील.