हात जोडा, पण दवाखान्यातून परतल्यावर

नागनाथाच्या औंढ्यापासून हळदीच्या वसमतपर्यंत, हिंगोली जिल्ह्यात कुणाला ‘पान लागलं’, म्हणजे साप चावला, की अजूनही दोन वाटा फुटतात. एक दवाखान्याची, दुसरी मारुतीच्या पारावरच्या मांत्रिकाची. पाराचे कैवारी म्हणतात, “इथं विष उतरून कितीतरी माणसं पायी घरी गेली. ते काय खोटं?”

ते खोटं नाही. त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. धामण, दिवड, कवड्या हे साप बिनविषारी. विषारी सापही कधी कधी विष न सोडता चावतो. ही माणसं मंत्राविनाही वाचलीच असती. मंत्राची खरी परीक्षा नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्या विषापुढे होते, आणि तिथे तो हरतो. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. ना सूज, ना फारशी वेदना. पहाटे पोट दुखतं, पापण्या मिटू लागतात, मग श्वास अडतो. लिंबाचा पाला कडू लागतो की गोड, हे पाहण्यात गेलेला तास परत मिळत नाही. म्हणूनच 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने सर्पदंशात उपचार रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं गुन्हा ठरवलं आहे.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: “दवाखाना लांब, तिथं लस असेलच असं नाही.” गाऱ्हाणं रास्त, पण त्याचा इलाज मांत्रिक नव्हे. 2000 ते 2019 या काळात देशात सुमारे 12 लाख माणसं सर्पदंशाने गेली, बहुतेक खेड्यांतली. 2030पर्यंत हे मृत्यू निम्मे करण्याचं उद्दिष्ट केंद्राने 2024मध्ये जाहीर केलं. तेव्हा प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात प्रतिविष आणि ते द्यायला न कचरणारा डॉक्टर हवा, हे हक्काने मागावं. नारायणगावच्या डॉ. सदानंद राऊत यांनी महानगराबाहेरही असे रुग्ण वाचवता येतात हे दाखवलं आहे.

आपल्या हातातलंही थोडं नाही. शेतातल्या आखाड्यावर बाजेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपावं. रात्रीच्या लाइटीवर पाणी द्यायला जाताना बॅटरी, काठी आणि गमबूट हवेच. दंश झालाच तर आवळपट्टी नको, ब्लेड नको, विष चोखणं नको. चावलेला हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, 108ला फोन करा. रुग्णवाहिका लांब असेल तर मिळेल त्या गाडीने निघा.

मारुतीला हात जरूर जोडावेत. माणूस बरा होऊन घरी आल्यावर त्याला सोबत घेऊनच जोडावेत.