‘पुढे पाठवा’ म्हणजे नेमके कुठे?

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन

पावसाळ्यातली रात्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि साप चावलेला शेतकरी. ग्रामीण महाराष्ट्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला ही परीक्षा कधी ना कधी द्यावीच लागते. बंधपत्राच्या सेवेवर आलेल्या नव्या डॉक्टरला तर ती रुजू झाल्या झाल्याच द्यावी लागू शकते.

साप कोणता, हे नातेवाइकांना बहुधा सांगता येत नाही. मग डॉक्टर स्वच्छ, कोरडी काचेची नळी घेतात, तीत दोन मिलिलिटर रक्त काढतात आणि नळी वीस मिनिटे अजिबात हलवत नाहीत. तिरकी केल्यावर रक्त पातळच वाहिले, तर घोणस किंवा फुरशाचा संशय. रक्त नीट गोठले, पण पापण्या मिटू लागल्या, तर नाग किंवा मण्यार. मण्यार चावलेली जागा ना सुजते ना फारशी दुखते, त्यामुळे तिचा दंश भल्याभल्यांना चकवतो. चारही सापांवर लस एकच आणि तिचा पहिला डोस तिथेच द्यायचा, इथपर्यंत सगळे छापील आहे. पुढचे रस्ते मात्र वेगळे आहेत. नाग-मण्यारीच्या रुग्णाचा श्वास थांबू शकतो, त्याला व्हेंटिलेटर हवा. घोणशीच्या रुग्णाची लघवी बंद होऊ शकते, त्याला डायलिसिस हवे.

हा व्हेंटिलेटर रात्री दोन वाजता कोणत्या रुग्णालयात चालू असतो आणि डायलिसिसचा तंत्रज्ञ रविवारी कुठे सापडतो, हे कुठल्याच पुस्तकात नसते. ते जुन्या परिचारिकेला आणि १०८ च्या चालकाला ठाऊक असते. डॉक्टर चिठ्ठीवर ‘पुढील उपचारांसाठी संदर्भित’ एवढेच लिहितात आणि रुग्ण निघतो.

न्यूझीलंडमधल्या कँटरबरी भागाने २००८ मध्ये नेमकी हीच जागा हेरली. क्राइस्टचर्चच्या रुग्णालयातले तज्ज्ञ आणि गावातले फॅमिली डॉक्टर एका टेबलाशी बसवले गेले आणि त्यातून ‘हेल्थपाथवेज’ हे संकेतस्थळ उभे राहिले. डॉक्टरने समोर रुग्ण असतानाच आजाराचे पान उघडायचे. काय तपासायचे, स्वतःच्या दवाखान्यात काय करायचे, कोणती लक्षणे दिसली की थांबायचे नाही, कुठे पाठवायचे आणि सोबत कोणते रिपोर्ट द्यायचे, हे सगळे त्या एका पानावर. पाने लिहून ती ताजी ठेवणारे संपादक बहुतांशी स्वतः फॅमिली डॉक्टरच. पुढे ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमधल्या अनेक भागांनी ही पद्धत उचलली, पण कँटरबरीची पाने जशीच्या तशी नाही घेतली. प्रत्येकाने आपल्या रुग्णालयांप्रमाणे ती नव्याने बसवली.

आपल्याकडे काहीच नाही असे नव्हे. आयसीएमआरने २०१९ पासून आजारागणिक एकेका पानाचे उपचार-तक्ते काढले आहेत आणि ते चांगले आहेत. पण ते साऱ्या देशासाठी असल्यामुळे ‘वरच्या रुग्णालयात पाठवा’ यापुढे त्यांना जाताच येत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात सुरू झालेल्या ई-संजीवनीने आरोग्य केंद्रातून तज्ज्ञाशी व्हिडिओवर बोलण्याची सोय केली. तिचा उपयोगही मोठा आहे. फक्त मोहोळ, मोखाडा किंवा माणगावच्या आसपास आज काय चालू आहे, हे पडद्यावरच्या तज्ज्ञाला माहीत असेलच असे नाही. आता आजाराचे नाव सुचवणाऱ्या सॉफ्टवेअरचाही बोलबाला आहे. खरे तर नाव डॉक्टरला बरेचदा कळलेले असते. घोडे अडते ते त्यानंतर.

सिंधुदुर्गाचेच घ्या. कागदावरची उतरंड प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, मग जिल्हा रुग्णालय अशी आहे. सावंतवाडी-दोडामार्गकडचा गंभीर रुग्ण मात्र कितीदा तरी सरळ गोव्यात बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात जातो. नातेवाइकांना हे ठाऊक आहे, रुग्णवाहिकेला ठाऊक आहे. शासनाच्या पानावरही ते उघड लिहिलेले असावे, त्यात कमीपणा कसला?

आणि पान कोणी लिहावे? पुण्या-मुंबईच्या समितीने लिहिले, तर ते देखणे होईल आणि कोणी उघडणार नाही. रायगड जिल्ह्यात विंचूदंशाने माणसे दगावत होती, तेव्हा खाटेशेजारी बसून लक्षणे टिपणारे आणि प्राझोसिन या साध्या गोळीने मृत्यू रोखता येतात हे दाखवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर महाड परिसरात काम करणारे डॉक्टर होते. त्यांची निरीक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापली. स्थानिक डॉक्टरचा शब्द किती वजनाचा असतो, याचा याहून मोठा दाखला विभागाला कोणता हवा?

तेव्हा विभागाने एक जिल्हा घ्यावा आणि पाचच पाने करावीत: सर्पदंश, विंचूदंश, छातीतली कळ, गरोदरपणातला रक्तदाब, तान्ह्या बाळाचा ताप. पान लिहिणाऱ्या डॉक्टरांना त्या कामाचे मानधन आणि ओपीडीतून मोकळा वेळ द्यावा. दर पानावर शेवटच्या दुरुस्तीची तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पद असावे. घाटात रेंज नसते, म्हणून पान इंटरनेटशिवायही उघडले पाहिजे. खासगी दवाखान्यांनाही ते खुले असावे, कारण बरेच रुग्ण आधी तिथेच जातात.

सिंधुदुर्गापासून सुरुवात करायची, तर गोव्याच्या आरोग्य खात्याबरोबर आधी एक बैठक घ्यावी लागेल. तिची तारीख विभागाने जाहीर करावी.