झिपरी लोकर आणि रिकामा कॅच ब्लॉक

"नवीनच शिकताय ना? मग ती झिपरी लोकर घ्या. तिच्यात चुका दिसत नाहीत!"

इथे अमेरिकेत विणकाम शिकायला निघालेल्या माणसाला हा सल्ला कधी ना कधी मिळतोच. देणारी मंडळी प्रेमळ असतात, त्यामुळे तोंडावर उलट बोलवत नाही. म्हणून इथे लिहितो. हा सल्ला साफ चुकीचा आहे, आणि ज्या कारणासाठी देतात नेमका त्याच कारणासाठी चुकीचा आहे.

झिपरी लोकर म्हणजे एक बारीक दोरा आणि त्याला थोड्या थोड्या अंतरावर पापण्यांसारखे फुटलेले केस. तिचं इंग्रजी नावच मुळी 'आयलॅश यार्न'. लोकर म्हणायचं ते आपलं सवयीने, कारण बहुतेकदा ती शुद्ध पॉलिएस्टर असते. मेंढीचा काडीचा संबंध नाही. २००० नंतरच्या चार-पाच वर्षांत इथे तिची साथच आली होती. लायन ब्रँडच्या 'फन फर'चे गुंडे, गुलाबी, जांभळे, पोपटी, आणि जिकडे बघावं तिकडे गळ्यात मांजर गुंडाळल्यासारखे मफलर. साथ ओसरली, सल्ला मात्र टिकून आहे.

कृतीबद्दल माझी तक्रार नाही हं. २० टाके घाला, सगळ्या ओळी सुलट विणा, पुरेसं लांब झालं की टाके बंद करा. शिकायला याहून चांगलं काही नाही. कडा गुंडाळत नाहीत, दोन्ही बाजू सारख्या दिसतात, आणि दर दोन ओळींना एक वळी उमटते. वळ्या मोजल्या की किती ओळी झाल्या ते कळतं. म्हणजे साध्या लोकरीत कळतं. झिपरीत सगळ्या वळ्या केसांखाली गडप.

आता नवशिक्यांची अगदी नेहमीची चूक घ्या. ओळ संपली, काम उलटं फिरवलं, आणि दोरा सुईच्या खालून मागे न्यायच्या ऐवजी सुईवरून मागे गेला. त्या ओढीने पहिल्या टाक्याचे दोन्ही पाय सुईवर चढतात आणि एका टाक्याचे दोन दिसायला लागतात. बिचारा माणूस इमानदारीत दोन्ही विणतो. विसाचे एकवीस, एकविसाचे बावीस. साध्या लोकरीत दोन-चार ओळींत कड तिरकी जाताना दिसते आणि माणूस थबकतो. झिपरीत कधी कळतं? मफलर एका टोकाला वीतभर आणि दुसऱ्या टोकाला दीड वीत झाला की! आणि तेव्हाही फक्त 'काहीतरी बिघडलंय' एवढंच कळतं. कुठे बिघडलं, का बिघडलं, काही पत्ता नाही.

आमच्या धंद्यात याला रिकामा कॅच ब्लॉक म्हणतात. एक्सेप्शन आलं, पकडलं, गिळून टाकलं, लॉगमध्ये एक ओळसुद्धा नाही. प्रोग्रॅम मजेत चालू! असला कोड रिव्ह्यूला आला तर आपण काय बोलतो ते इथे छापता येणार नाही. :) मग नव्याने लागलेल्या पोराला 'तू अजून शिकतोयस, तेव्हा कंपायलरच्या सगळ्या वॉर्निंग बंद करून ठेव' असं कोणी सांगेल का? अहो, त्यालाच तर त्यांची सगळ्यात जास्त गरज!

बरं, चूक लपते हा अर्धाच गुन्हा. साध्या लोकरीत टाका गळला तर खाली शिडी पडते, क्रोशाच्या सुईने ती एकेक पायरी वर उचलून आणता येते. काहीच नाही जमलं तर सुई काढा, दोरा ओढा, सरसर उसवा आणि पुन्हा सुरू करा. घरोघरच्या आज्या-आयांनी उरल्यासुरल्या लोकरीवर असंच शिकवलं. विण, उसव, पुन्हा विण. अंडूची इतकी स्वस्त सोय दुसऱ्या कुठल्या कलेत आहे? झिपरीत मात्र शेजारशेजारच्या टाक्यांचे केस एकमेकांत अडकून बसतात. ओढाल तर गाठ, आणखी ओढाल तर कात्री. (मोहेरवाले निदान तुकडा फ्रीझरमध्ये ठेवून मग उसवायची युक्ती तरी सांगतात.)

यावर ठरलेलं उत्तर असतं, 'पण पहिली वस्तू पटकन पुरी झाली की हुरूप येतो.' येतो, मान्य. पण पुढे काय? आमच्या गावातल्या लायब्ररीत दर आठवड्याला विणणाऱ्यांचं टेबल असतं, तिथे मी बसतो. हौसेने झिपरी मफलर पुरा केलेली बाई साध्या लोकरीची टोपी विणायला घेते आणि तिच्या लक्षात येतं की स्वतःचा टाका तिने आजवर पाहिलेलाच नाही. सुलट कुठला, उलट कुठला, गळलेला कसा दिसतो, काही माहीत नाही. आणि ती लोकरीला बोल लावत नाही. ती म्हणते, "माझ्या हातात ही कलाच नाही." सुया पिशवीत जातात आणि पुढच्या आठवड्यात खुर्ची रिकामी. माझा राग आहे तो यासाठी. फॅशन कोणाची काय असावी याच्याशी मला देणंघेणं नाही.

तेव्हा नवीन शिकणाऱ्यांनो, फिकट रंगाची, मध्यम जाडीची, गुळगुळीत लोकर घ्या. काळी नको, तिच्यातही टाके दिसत नाहीत. ५ मिलिमीटरच्या सुया, शक्यतो लाकडी किंवा बांबूच्या, म्हणजे टाके घसरत नाहीत. दर ओळीनंतर टाके मोजा. २१ आले तर तिथेच थांबा आणि शोधा. झिपऱ्या हव्याच असतील तर दुसऱ्या मफलरला, साध्या लोकरीबरोबर दोन्ही धागे एकत्र धरून विणा. तोवर बोटांना टाका ओळखू यायला लागलेला असतो.