‘रूह कुठे असते?’ असे विचारणाऱ्या मुलाला काय सांगाल?

लातूरला ‘नीट’ची तयारी करणारा माझा भाचा पहिल्या रोज्याला परळीत आला होता. इफ्तारनंतर दस्तरखानावरच त्याने विचारले, “मामू, सगळे विचार, सगळ्या भावना मेंदूतल्या रसायनांमुळे होत असतील, तर रूह नेमकी कुठे असते?” वडीलधारे लगेच म्हणाले, “तौबा कर!” पोरगा गप्प झाला. तरावीहला आला, पण कोणाशी बोलला नाही.

जडद्रव्याखेरीज जगात काहीच नाही, या मताला भौतिकवाद म्हणतात. आता तो मोबाईलवरून घरोघरी पोहोचतो, म्हणून नवा वाटतो. प्रत्यक्षात इस्लामी विद्वान गेली दीडशे वर्षे त्याला उत्तरे देत आले आहेत. त्यातील काही महत्त्वाची उत्तरे हैदराबादेत तयार झाली, आणि तेव्हा आपली परळीही निजामाच्याच राज्यात होती.

जमालुद्दीन अफगाणी यांनी हैदराबादेत असताना १८८१ मध्ये भौतिकवाद्यांचे खंडन करणारा फारसी ग्रंथ लिहिला. हया, अमानत आणि सच्चाई हे गुण धर्मामुळे रुजतात, ते गेले तर समाज कोसळेल, असा त्यांचा मुद्दा होता. रोजेदाराला तो लगेच पटेल. कोणी पाहत नसतानाही पाण्याला हात न लावणे ही अमानतच आहे. मात्र अफगाणींच्या टीकेचा रोख सर सय्यद अहमद खान यांच्या विचारांवरही होता. सर सय्यद तर श्रद्धावंत होते. अल्लाहचे वचन आणि अल्लाहची सृष्टी यांत विरोध असू शकत नाही, असे ते मानत. प्रश्न विचारणारा आणि ईश्वर नाकारणारा, दोघेही एकाच रांगेत उभे केले गेले.

पुढे अल्लामा शिबली नोमानी हैदराबादेत शिक्षण खात्याशी संबंधित काम करत होते. त्या काळातील त्यांचा ‘अल-कलाम’ हा ग्रंथ वेगळ्या वाटेने जातो. विज्ञानाचे क्षेत्र अनुभवाला येणाऱ्या गोष्टींचे आहे. त्यापलीकडे काही नाही, हा निकाल विज्ञानाचा नसून तत्त्वज्ञानाचा आहे, असे ते सांगतात. १९२९ च्या जानेवारीत डॉ. इक्बाल यांनी हैदराबादेत व्याख्याने दिली. आइन्स्टाइनच्या सिद्धांतानंतर ‘जडद्रव्य’ ही जुनी कल्पनाच डळमळीत झाली आहे, हे त्यांनी दाखवले. या दोघांनी विज्ञानाला शत्रू मानले नाही, आधी त्याचा अभ्यास केला.

पण मला सर्वांत जवळचे वाटतात अब्दुल माजिद दर्याबादी. तरुणपणी पाश्चात्त्य ग्रंथ वाचून त्यांचा ईमान गेला. त्याच काळात उस्मानिया विद्यापीठासाठी स्थापन झालेल्या भाषांतर विभागात काही काळ ते हैदराबादेत होते. कवी अकबर इलाहाबादी यांनी त्यांना झिडकारले नाही. निदान अरबी साहित्य म्हणून तरी कुरआन वाचत राहा, एवढेच सुचवले. दर्याबादींनी पुढे भगवद्गीता वाचली, रूमींची मसनवी वाचली आणि हळूहळू ते परतले. नंतर त्यांनीच कुरआनवर उर्दू आणि इंग्रजीत भाष्य लिहिले. त्या वेळी सर्वांनी दारे लावून घेतली असती, तर?

दुसऱ्या दिवशी सहेरीला मी भाच्याला म्हणालो, “विचार कसा घडतो, हे तुझे जीवशास्त्र सांगते. ते नीट शीक. पण म्हणून रूह नाहीच, हे वाक्य त्या पुस्तकातले नाही. बाकीचे उत्तर माझ्याकडेही पूर्ण नाही. आपण दोघे मिळून वाचू.” त्याने मान वर केली आणि लगेच पुढचा प्रश्न विचारला. मला बरे वाटले.

कुरआन माणसाला वारंवार विचार करायला सांगतो. या रमजानमध्ये तुमच्या दस्तरखानावरही एखादे मूल असा प्रश्न विचारील. तेव्हा आपल्या तोंडून निघणारा पहिला शब्द ‘तौबा’ नसावा. ‘बस, बोलू या,’ असा असावा.